शाळेच्या दिवशीच पोट कसं दुखतं? रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि लेक रडतेय

अर्धीझोप

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. साधारण तीन महिने झाले, आठवड्यातून दोनदा-तीनदा तरी सकाळी पोट दुखतं म्हणते. कुठे दुखतं विचारलं की अख्खा तळवा बेंबीवर. आज सकाळचंच सांगते, एक बूट पायात, दुसरा हातात आणि दारापाशी खाली बसून गुडघे पोटाशी घेऊन ढसाढसा रडायला लागली. चेहरा पांढराफटक. त्या वेळी बघाल तर नाटक वाटतच नाही हो. खाली बसचा हॉर्न वाजतोय, मला ऑफिसला उशीर, नवरा म्हणतो पाठव तिला रोजचंच आहे, फोनवर आई म्हणतेय अगं पोर कळवळतेय आणि पाठवतेस कसली. शेवटी ठेवली घरी. आणि साडेदहाला बघते तर बाईसाहेब सोफ्यावरून डोकं खाली लटकवून गाणी म्हणतायत! हसू की रडू झालं मला.

दवाखाने करून झालेत. रक्त, लघवी, शी तपासली, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. जंताचं औषध दिलं. एक डॉक्टर म्हणाले काही नाहीये, मोठी होईल तसं जाईल. दुसऱ्यांनी ॲसिडिटीचं सिरप दिलं, चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी परत तेच. ताप नाही, उलटी नाही, वजन ठीक. रविवारी क्वचितच दुखतं आणि मागच्या सुट्टीत दहा दिवसांत एकदाही नाही. म्हणजे शाळेशी काहीतरी आहे हे मलाही कळतंय. पण शाळेचं विचारलं तर एकच उत्तर, "छान." मैत्रिणी? "आहेत." बाई ओरडतात का? "नाही गं आई."

तर मला खरंच कळत नाहीये की हिचं दुखतं की नाही. दुखत असेल तर रिपोर्टमध्ये का येत नाही, आणि नसेल तर ती पांढरी कशी पडते. पाठवायचं की ठेवायचं? अजून कुठली तपासणी करून घेऊ का, दुर्बिणीची वगैरे? रोज सकाळी पोटात गोळा येतो आता माझ्याच.

स्पष्टच_सांगतो

ताई राग मानू नका पण साडेदहाला गाणी म्हणणाऱ्या पोराचं साडेसातला पोट दुखत नसतं. फार लक्ष देताय. दोन दिवस कडक राहा, घरी राहिली तर टीव्ही बंद, खेळ बंद, झोपून राहायचं. तिसऱ्या दिवशी स्वतः पळत जाईल बसला. आम्ही पण लहान होतो, आम्हाला कोण विचारत होतं?

दोघांचाबाप

@स्पष्टच_सांगतो, तुम्हाला कोणी विचारलं नाही म्हणून तुमचं दुखलं नाही असं होत नाही हो दादा.

मी स्वतः ते पोरगं होतो. नऊ-दहा वर्षांचा असेन. माझं दुखायचं रात्री झोपायच्या आधी आणि सकाळी उठल्यावर. खरं दुखायचं, मुरडा आल्यासारखं, आज चाळिशीतही ते आठवतं मला, म्हणजे कल्पना करा. घरात सगळे नाटकी म्हणायचे, मग मी सांगणंच बंद केलं. दुखणं थांबलं नाही, फक्त मी पांघरुणात तोंड घालून गप्प पडायला शिकलो. आता मोठेपणी मागे वळून बघतो तेव्हा कळतं, त्या काळात आईबाबांची रोज रात्री भांडणं व्हायची आणि माझं पोट दुखलं की दोघं भांडण टाकून माझ्या उशाशी येऊन बसायचे. एक डोक्याशी, एक पायाशी. मी हे ठरवून करत होतो का? अजिबात नाही. मला त्या दोन गोष्टींचा संबंधही माहीत नव्हता. पण पोटाला बहुतेक माहीत होता.

म्हणून अर्धीझोप, एवढंच सांगेन की "खोटं बोलतेस" हा शब्द काढू नका तिच्यासमोर. बाकी तपासण्या वगैरे जाणकार सांगतील. आणि हो, टीव्ही बंदच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, घरी राहणं हे शाळेपेक्षा मजेचं होऊ देऊ नका. शिक्षा म्हणून नाही, आजारी माणूस पडून राहतो म्हणून.

बालडॉक

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहून कोणाचं पोट तपासता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा, तुमच्या डॉक्टरांना पर्याय म्हणून नको.

पहिली गोष्ट, दुखणं खरं आहे. मुलांचं असं पुन्हा पुन्हा पोट दुखणं इतकं कॉमन आहे की माझ्या ओपीडीत त्याशिवाय आठवडा जात नाही. जॉन ॲपली नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९५८ साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली, त्यात साधारण दहातल्या एकाला हे होतं. तीन महिन्यांत किमान तीन वेळा, आणि हातातलं काम टाकावं लागेल इतकं दुखणं, ही व्याख्या त्यांचीच. बहुतेकांत शारीरिक आजार सापडला नव्हता. आजही चित्र फार वेगळं नाही.

मग रिपोर्टमध्ये का येत नाही? कारण सोनोग्राफीत अवयव कसे दिसतात ते कळतं, आतड्याची नस किती हळवी झालीय ते कळत नाही. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं एक जाळं आहे आणि त्याची मेंदूशी दोन्ही बाजूंनी सतत बोलाचाली चालू असते. परीक्षेच्या सकाळी तुम्हाला दोनदा संडासला जावं लागतं ना, ते काय नाटक असतं? काही मुलांत हे जाळं जरा जास्तच जागं असतं. आतड्याची साधी हालचाल, थोडा गॅस, जे तुमच्याआमच्या लक्षातही येत नाही ते त्यांना दुखतं. त्यात सकाळची घाई, अपुरी झोप, शाळेची धास्ती. पांढरं पडणं हाही त्याच यंत्रणेचा भाग, ते कोणाला ठरवून करता येत नाही. आणि ताण गेला की तासाभरात गाणी म्हणणं हेही अगदी जुळतं. (डोकं खाली करून गाणी म्हणणारं मूल माझ्या दृष्टीने उत्तम रिपोर्ट आहे.)

धोक्याच्या खुणा मात्र पाठ करून ठेवा. वजन घटणं किंवा उंची-वजन वाढायचं थांबणं, शीतून रक्त, सारखा ताप, सारख्या उलट्या, रात्री गाढ झोपेतून दुखण्याने जाग येणं, सांधे दुखणं-सुजणं, लघवीला जळजळ, गिळताना त्रास. यातलं काही असेल तर पुढची तपासणी हवीच. हिरवी उलटी झाली किंवा दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं आणि वाढतच गेलं, मूल वाकून चालायला लागलं, तर फोरमवर लिहीत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. ढोबळमानाने दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितका आम्हाला संशय जास्त. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, तेव्हा दुर्बिणीची तपासणी मी तरी आत्ता सुचवणार नाही. दर नव्या तपासणीने मुलाच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की मला काहीतरी मोठं झालंय आणि ते अजून कोणाला सापडत नाहीये.

आता एक प्रयोग सांगतो, तो मी सगळ्या आईबाबांना सांगतो. २००६ मध्ये छापला गेला. पोटदुखीचा त्रास असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही प्रकारची मुलं घेतली, त्यांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला लावलं म्हणजे थोडं दुखणारच, आणि मग आईबाबांना वेगवेगळं वागायला सांगितलं. काहींनी आस्थेने विचारायचं, काहींनी विषय बदलून दुसरं काहीतरी बोलायचं. आस्थेने विचारलेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि विषय बदललेल्यांच्या निम्म्यावर आल्या. गंमत पुढे आहे. विषय बदलणं वाईट, मुलाला दुखावणारं, असं आईबाबांना वाटत होतं. मुलांना तसं वाटलंच नव्हतं, उलट आपल्याला बरं वाटलं ते आईबाबांमुळे असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून "दुखतंय का आज?" हे सकाळी उठल्या उठल्या विचारणं बंद. तिने सांगितलं तर ऐकायचं, एकदाच, "हो, दुखत असणार, मला माहितीये, थोड्या वेळात कमी होतं हे" आणि हात चालू ठेवायचे, वेणी घालायची, बूट घालायचा. विश्वास ठेवायचा, पण विषय वाढवायचा नाही. आणि शाळा चुकवायची नाही, उशीर झाला तरी चालेल. एकदा घरी राहिल्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी जड होते.

शेवटचं. मुलांच्या पोटदुखीत सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट म्हणजे बद्धकोष्ठता. "रोज होते का?" याला मुलं हो म्हणतात. कशी होते ते विचारा. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे ती नाही असं नाही.

अर्धीझोप

@बालडॉक खूप खूप धन्यवाद, एवढं समजावून कोणी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी उठल्या उठल्या मी हेच विचारते हो, "आज बरंय ना पोट?" गेले तीन महिने. देवा.

बद्धकोष्ठतेचं मात्र नसावं, जाते ती रोज. म्हणजे मी बघत नाही आता, मोठी झाली ना, दार लावून घेते.

तिसऱ्या_तासाच्या_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते, वीस वर्षं होत आली. शाळा कशी होती या प्रश्नाला "छान"शिवाय दुसरं उत्तर मी कधी ऐकलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न सोडून द्या. मोठ्या प्रश्नाला मुलं छोटं उत्तर देतात. डबा खाताना तुझ्या शेजारी कोण होतं, बसमध्ये खिडकी कोणाला मिळाली, आज वर्गात कोण रडलं, असं विचारा. आणि समोर बसवून नको, भांडी विसळताना, चालताना, तोंडं एकीकडे असताना. दिवा बंद केल्यावर तर मुलं अशी काही बोलतात की विचारू नका.

अभ्यासाची भीती, मारकुटं मूल, ओरडणारे शिक्षक हे आईबाबांना सुचतं. न सुचणाऱ्या गोष्टी मी बघितल्यात त्या सांगते. एका मुलाला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि ते कोणाला सांगायची लाज वाटत होती, चष्मा लागला आणि पोट थांबलं. एका मुलीची बसमधली जागा बदलली होती आणि मागे मोठी मुलं बसायची, बाकी काही नाही, नुसती बसायची. एकीची आई बाळंत झाली होती आणि ती शाळेत असताना घरी बाळ आणि आई दोघंच असतात हे तिला सहन होत नव्हतं.

आणि एक अगदी साधी गोष्ट करून बघा. संध्याकाळी तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली हातात घ्या. किती भरलेली परत येते?

अर्धीझोप

बाटली भरलेलीच येते. मला वाटायचं शाळेतलं पाणी पीत असेल.

तिसऱ्या_तासाच्या_बाई

आता शाळेतल्या बाथरूमबद्दल विचारा. थेट नको. "मला तुझ्या शाळेचा नकाशा काढून दाखव" म्हणा, आणि बाथरूम कुठे काढते, काय सांगते बघा.

स्पष्टच_सांगतो

नकाशा 😂 पोटदुखीवर नकाशा. बरंय. चालू द्या.

अर्धीझोप

नऊ दिवसांनी लिहितेय. बसून वाचा, मोठं आहे.

त्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आम्ही दोघी. वर्ग काढला, जिना काढला, मैदान तर काय अगदी घसरगुंडीसकट. मी म्हटलं आणि बाथरूम? तर कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढला आणि त्याला दारच काढलं नाही. मी म्हटलं अगं दार कुठाय? तर खांदे उडवून म्हणते, "त्याची कडी लागत नाही ना." एवढंच. इतक्या सहज! मग हळूहळू बाहेर आलं. कडी तुटलीय, आत गेलं की एका मैत्रिणीने बाहेरून दार धरायचं असतं, आणि एकदा ती मैत्रीण धरता धरता निघून गेली, दुसऱ्या मुलींनी दार उघडलं आणि हसल्या. त्या दिवसापासून ही शाळेत जातच नाही. शू पण नाही. सकाळी साडेसातला घरातून निघते ती अडीचला येऊन बूटसुद्धा न काढता बाथरूममध्ये पळते, आणि मला वाटायचं काय बाई हिला घरी यायची घाई! पाणी पीत नाही कारण प्यायलं की जावं लागतं. हे तिने तिचं तिचं शोधून काढलेलं, आठ वर्षांच्या पोरीने.

मला एवढं रडू आलं ना. तिच्यासमोर नाही, नंतर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो, हे सगळं सांगितलं. त्यांनी या वेळी पोटावर डावीकडे खाली हात फिरवून बराच वेळ चाचपलं आणि माझाही हात तिथे ठेवून दाखवला. लागतं हो हाताला! कडक, गाठीगाठीचं. मग त्यांनी एक चित्रांचा तक्ता दाखवला, सात प्रकारच्या शीची चित्रं, आणि तिला म्हणाले तुझी कशी असते सांग. हिने लाजत लाजत पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. सुट्या सुट्या कडक गोळ्या. रोज जाते हे खरंच होतं, रोज दोन खडे. बाकीचं आतच.

एक पावडर दिलीय पाण्यात मिसळून घ्यायची. मला भीती वाटतेय की याची सवय लागेल का? आणि शाळेत गेले होते, त्यांनी कडीचं बघतो म्हटलंय. वर्गशिक्षिकांना खरंच काही माहीत नव्हतं, त्यांचं टॉयलेट वेगळं असतं. आत्तापुरतं तिला स्टाफचं वापरू द्या म्हणून मी अक्षरशः अडून बसले, तेव्हा हो म्हणाल्या.

बालडॉक

नकाशाची कल्पना मी आजपासून ओपीडीत चोरणार आहे, बाईंना नमस्कार.

तो तक्ता १९९७ सालचा, ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणतात. वर ज्यांचं नाव घेतलं ते ॲपलीही ब्रिस्टलचेच. पोटाच्या बाबतीत त्या गावाचे आपल्यावर उपकार आहेत.

सवयीचं. पाण्यात मिसळून घ्यायची पावडर बहुतेक वेळा आतड्यात पाणी धरून ठेवणारी असते, ती आतड्याला आळशी करत नाही, सवय लागत नाही. खरी चूक उलटी होते. पंधरा दिवसांत बरं वाटतं, आई औषध बंद करते आणि महिन्याभरात सगळं परत. कारण काय ते समजून घ्या. शी रोखून धरली की ती मोठ्या आतड्याच्या टोकाशी साठते, तिथलं पाणी शोषलं जाऊन कडक होते, ती जागा ताणून मोठी होते. ताणलेल्या जागेला भरल्याची जाणीव नीट होत नाही. मग संडासला लागतच नाही, आणखी साठते, बाहेर येताना दुखते, दुखते म्हणून मूल आणखी रोखतं. ते ताणलेलं आतडं मूळ आकारात यायला महिने लागतात. तोवर औषध डॉक्टर सांगतील तसंच चालू, आणि बंद करताना हळूहळू कमी करत.

औषधाइतकीच बसायची सवय महत्त्वाची. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत आतड्याला आपोआप ढकलण्याचा इशारा मिळतो, सगळ्यांनाच. त्या वेळी पाच ते दहा मिनिटं बसवायचं, झाली तर झाली, नाही तर उठायचं. कमोडवर बसत असेल तर पायाखाली स्टूल हवंच, पाय लोंबकळत असतील तर जोरच लावता येत नाही. कौतुक बसल्याचं करा, झाल्याचं नको, झाली की नाही हे तिच्या हातात नाही. पाणी, फळं, भाज्या, पळापळ हे सगळं हवं, पण आधीच साठलेलं असताना नुसत्या फळांनी ते निघत नाही, तेव्हा औषध टाळून फक्त खाण्यावर जोर देऊ नका.

आणि झोप बघा तिची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास लागते. साडेसातला बस असेल तर उठते सहा-साडेसहाला, म्हणजे झोपायला हवी रात्री नऊच्या आसपास. सकाळी दहा मिनिटं जास्त मिळाली तर संडासला बसायला वेळ मिळतो, हा फायदा वेगळाच.

दोघांचाबाप

दार नसलेला चौकोन. डोक्यातून जात नाहीये हे.

बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली की ती पण शाळेत कधीच जायची नाही. दहा वर्षं! मला लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर हे कळतंय.

स्पष्टच_सांगतो

अर्धीझोप ताई, मी तो पहिला रिप्लाय दिला तो मागे घेतो. डिलीट करत नाही, असू दे.

डॉक्टरांना एक विचारायचं होतं. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याच्या चड्डीला रोज थोडं थोडं लागलेलं असतं, पातळसर. आम्हाला वाटतं नीट धूत नाही, खेळायच्या नादात घाईघाईने उठून येतो. खूप ओरडलोय त्याला. मागच्या आठवड्यात मी त्यालाच धुवायला लावली, म्हटलं लाज वाटेल तर सुधारेल. तर आता चड्ड्या लपवून ठेवायला लागलाय, परवा कपाटाच्या मागे तीन सापडल्या. वर तुम्ही ते ताणल्याचं वगैरे लिहिलंय ते वाचून जरा... त्याचा संबंध असू शकतो का? पण त्याची तर पातळ असते, कडक नाही.

बालडॉक

असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोच. आत कडक गोळा अडकलेला असला की वरची पातळ शी त्याच्या कडेकडेने झिरपते. मुलाला ते कळतही नाही, कारण जाणीव बोथट झालेली असते, तुम्हाला वास येतो आणि त्याला येत नाही असंही होतं. वरून जुलाब वाटतात म्हणून काहीजण जुलाबाचं औषध देतात आणि प्रकरण बिघडतं. तो आळशीपणा नाही, घाणेरडेपणा नाही. त्याला या आठवड्यात दाखवून आणा आणि चड्डीचं डॉक्टरांना स्वतः सांगा, त्याला सांगायला लावू नका. मधूनमधून अंथरुण ओलं होतं का, सारखी शू लागते का, तेही सांगा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं.

स्पष्टच_सांगतो

होतं कधीकधी. त्याबद्दल पण ओरडलोय.

तिसऱ्या_तासाच्या_बाई

ओरडलात ते ओरडलात. आज त्याला सांगा की बाबाला माहीत नव्हतं, हे पोटामुळे होतं, तुझी चूक नव्हती. सात वर्षांचं मूल लगेच माफ करतं, फार लांबवू नका फक्त. आणि त्या कपाटामागच्या चड्ड्या त्याला कळू न देता धुऊन जागेवर ठेवून द्या.

अर्धीझोप

महिना होत आला म्हणून अपडेट. एकदम जादू वगैरे झालेली नाही. दुखणं आठवड्यातून एकदावर आलंय, मागच्या आठवड्यात दोनदा होतं. शाळा एकही दिवस चुकलेली नाही, एकदा मात्र मी स्वतः सोडायला गेले कारण बस निघून गेली होती. सकाळी विचारायचं नाही हे मला तिच्या औषधापेक्षा जड जातंय, खरं सांगते, जीभ चावून बसते. परवा तीच म्हणाली, "आई तू विचारलं नाहीस आज," मी म्हटलं तू सांगशील ना असलं तर, तर म्हणे "आहे थोडंसं" आणि गेली निघून बसकडे.

शाळेने कडी बसवली. पण तिने ती आधी मैत्रिणीला आत पाठवून, बाहेरून ढकलून बघितली म्हणे. तीनदा. मगच गेली.

नवरा जरा नाराज आहे, त्याला वाटतं एवढ्याशा कडीसाठी तीन महिने आणि इतक्या तपासण्या. मला वाटतं फक्त कडी नसेल, थोडी हळवी आहेच ती, माझ्यासारखी. बघू.

स्पष्टच_सांगतो

दाखवून आणलं. तेच निघालं. पावडर चालू केलीय. रात्री झोपताना सांगितलं त्याला बाईंनी लिहिलं होतं तसं, काही बोलला नाही, नुसतं कुशीवर वळून पाय टाकला माझ्यावर.

ते पायाखालचं स्टूल किती उंच घ्यायचं पण? बाजारात तीन प्रकारची दिसतायत.

अर्धीझोप

विकत आणू नका. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा जरा वर आले पाहिजेत, बस्स. आम्ही बूट येतात तो मजबूत खोका घेऊन आत जुनी पुस्तकं ठासून भरलीयत आणि वरून प्लास्टिकची पिशवी चिकटवलीय. तिने त्यावर स्केचपेनने स्वतःचे पाय काढलेत, कुठे ठेवायचे ते कळायला.